द्रौपदीनेही हेच विचारलं होतं

चि. अमेय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळाल्यावर लगेच लिहायला बसले नाही. असल्या प्रश्नाला घाईघाईने उत्तर देणं मला बरं वाटेना.

तू लिहितोस, देव सर्वज्ञ असेल तर मी उद्या काय करणार हे त्याला आजच ठाऊक आहे. त्याला ते ठाऊक असेल, तर मला दुसरं काही करताच येणार नाही. मग माझ्या वागण्याचा जाब मला का? आणि लगेच पुढच्या ओळीत, हे सगळं आधीच दिसत असताना त्याने असं जग निर्माण तरी का केलं? दोन्ही प्रश्न तू एका दमात विचारलेस, पण ते वेगवेगळे आहेत. पहिला दिसतो तेवढा अवघड नाही असं माझं मत आहे. दुसरा मात्र दिसतो त्याहून पुष्कळ खोल आहे.

आधी पहिला घेते. बोएथियस नावाचा एक रोमन विद्वान राजद्रोहाच्या आरोपाखाली कैदेत पडला. इ.स. 524 च्या सुमाराची गोष्ट. तिथे देहदंडाची वाट पाहत त्याने एक ग्रंथ लिहिला, आणि त्याच्या शेवटच्या भागात त्याने तुझाच प्रश्न घेतला आहे. तो म्हणतो, समजा एकाच वेळी तुला आकाशात सूर्य उगवताना दिसतोय आणि जमिनीवर एक माणूस चालताना दिसतोय. दोन्ही तू सारख्याच स्पष्टपणे पाहतोस. पण सूर्य उगवतो तो उगवणं भागच आहे म्हणून, आणि माणूस चालतो ते त्याला चालावंसं वाटलं म्हणून. तुझ्या पाहण्याने त्या माणसावर चालण्याची सक्ती होत नाही. देवाचं जाणणं असं आहे, असं बोएथियसचं म्हणणं. आपल्याला जे भूत आणि भविष्य, ते त्याच्यापुढे एकत्रच उभं आहे. तो आधीपासून अंदाज बांधून बसलेला नाही, तो पाहतो आहे.

मला यात एक गोष्ट फार पटते. देवाला जे ठाऊक आहे ते चुकणार नाही, एवढं खरं. पण तेवढ्यावरून ते टळूच शकत नव्हतं असं सिद्ध होत नाही. तू काल खरं बोललास, म्हणून तू खरं बोलणार हे त्याला ठाऊक होतं. खोटं बोलला असतास तर त्याला ते ठाऊक असतं. त्याचं ज्ञान तुझ्या निवडीला धरून आहे, तुझी निवड त्याच्या ज्ञानाला बांधलेली नाही. काळाच्या बाहेर असणं म्हणजे नेमकं काय, हे मला डोळ्यांपुढे आणता येत नाही आणि ते कुणाला येत असेल असंही वाटत नाही. तरी हा युक्तिवाद मला खणखणीत वाटतो. आणखी एक बघ, 'सगळं आधीच ठरलेलं आहे' हे वाक्य माणसं बहुधा आपल्या हातून काही वाईट घडल्यावरच काढतात. चांगलं घडलं की श्रेय घ्यायला तीच माणसं पुढे असतात.

गीतेत तर हा ताण उघडा ठेवलेला आहे. सातव्या अध्यायात कृष्ण सांगतो, होऊन गेलेले, असलेले आणि होणारे सगळे जीव मी जाणतो. अकराव्यात तर, यांना मी आधीच मारलं आहे, तू फक्त निमित्त हो. आणि अठराव्यातला एकसष्टावा श्लोक काढून बघ. ईश्वर सर्वांच्या हृदयात बसून त्यांना यंत्रावर चढवल्यासारखं फिरवतो, असं तिथे आहे. मध्ये एकच श्लोक जातो, आणि त्रेसष्टाव्यात तोच अर्जुनाला म्हणतो, 'यथेच्छसि तथा कुरु', तुला वाटेल तसं कर. सांगणाऱ्याला ही विसंगती दिसली नसेल असं मी मानत नाही. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकाच माणसाला सांगायचं आहे, म्हणून ते इतकं जवळजवळ ठेवलं आहे.

आता दुसरा प्रश्न. इथे बोएथियसचा दिलासा पुरत नाही, कारण देव नुसता पाहणारा नाही. चालणाऱ्याला घडवलं त्यानेच, आणि रस्ताही त्याचाच.

ख्रिस्ती परंपरेत यावर सगळ्यात जास्त झुंजला तो ऑगस्टीन, चौथ्या-पाचव्या शतकातला धर्मचिंतक. इच्छास्वातंत्र्यावरच्या त्याच्या संवादाची सुरुवातच या प्रश्नाने होते, दुष्टाईचा कर्ता देव नाही ना? तरुणपणी तो मानी पंथात होता. जगात प्रकाशाचं आणि अंधाराचं अशी दोन अनादि तत्त्वं झगडत आहेत, असं तो पंथ मानी. पुढे त्याने ते सोडलं. त्याचं उत्तर असं की दुष्टाई ही वस्तूच नाही, ती चांगल्याची उणीव आहे, आणि ती आली स्वतंत्र इच्छेने चांगल्याकडे पाठ फिरवल्यामुळे. बरं, पण ती पाठ का फिरली? इथे तो थांबतो. म्हणतो, त्याचं कारण शोधणं म्हणजे अंधार डोळ्यांनी पाहण्याचा किंवा शांतता कानांनी ऐकण्याचा प्रयत्न करणं. मला हे थांबणं प्रामाणिक वाटतं. पण प्रश्न तिथे संपला असं मी म्हणणार नाही. सोळाव्या शतकात मोलिना नावाच्या स्पॅनिश जेझुइट धर्मगुरूने पुढची पायरी गाठली. कोणता माणूस कोणत्या परिस्थितीत स्वतःच्या मर्जीने काय करील, हेही देवाला ठाऊक असतं, असं त्याने मांडलं. बुद्धीला ते चमकदार वाटतं, पण माझी अडचण त्याने वाढतेच. अमुक प्रसंगात हा माणूस क्रूर होणार हे ठाऊक असून त्याला त्याच प्रसंगात का आणून ठेवलं?

शिवाय स्वातंत्र्याचं उत्तर माणसाच्या क्रौर्यापुरतं आहे. भूकंप कुणाच्या मर्जीने होतो? 1 नोव्हेंबर 1755 ला पोर्तुगालची राजधानी लिस्बन हादरली तो सर्व संतांचा सण होता, सकाळची वेळ, आणि देवळं माणसांनी भरलेली. वरून छतं कोसळली, मग समुद्र आत शिरला, मग आगी लागल्या. हजारो माणसं गेली. लाइब्निट्स या जर्मन तत्त्वज्ञाने 1710 साली हे जग सर्व शक्य जगांत उत्तम आहे असा सिद्धान्त मांडला होता. त्या सकाळनंतर युरोपात ते वाक्य पूर्वीच्या विश्वासाने उच्चारणं कठीण झालं.

आपल्याकडचं उत्तर कर्माचं. वेदान्ताच्या ब्रह्मसूत्र या ग्रंथात, दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात, देवावर दोन आरोप सरळ ठेवले आहेत, वैषम्य आणि नैर्घृण्य. म्हणजे तो पक्षपाती आहे आणि निर्दय आहे. उत्तर येतं की तो जीवांच्या कर्माला अनुसरून फळ देतो. शंकराचार्य भाष्यात पावसाचा दाखला देतात. पाऊस भाताला आणि जवाला सारखाच पडतो, वेगळेपण येतं ते बीजातून. पण पहिल्यांदा सृष्टी झाली तेव्हा कर्म कुठून आलं, असा आक्षेप लगेच पुढच्या सूत्रात घेतलेला आहे, आणि त्याला उत्तर आहे की संसार अनादि आहे, पहिली वेळ अशी नाहीच. तर्क म्हणून मला हे सगळ्यांत भक्कम वाटतं. ज्याला आरंभ नाही त्याच्या आरंभाचा दोष कुणावर ठेवणार?

तरी हे उत्तर हातात घेताना मला भीती वाटते, आणि ती का हे तुला सांगायला हवं. तू लहान असताना माझ्या एका मैत्रिणीचा सहा वर्षांचा मुलगा आजारपणात गेला. आम्ही तिच्याजवळ बसलो होतो. भेटायला आलेल्या एका वडीलधाऱ्या माणसाने, अगदी मायेने, तिला समजावलं की मागच्या जन्मीचं काही देणं असेल, ते फिटलं. ती काही बोलली नाही. तिच्या मांडीवर मुलाचा स्वेटर होता. घडी घातलेलाच होता, तो तिने उलगडला आणि बाह्या आत दुमडून पुन्हा घडी घातली. मग पुन्हा उलगडला. त्या माणसाचं बोलणं चालूच होतं.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालं आहे. आपल्या दुःखाचा अर्थ आपण लावावा. त्यात कर्म आणावं, देवाची इच्छा आणावी, ज्याने तग धरता येईल ते आणावं. दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ त्याला सांगायला जाऊ नये. बायबलात ईयोब या सज्जन माणसावर संकटांमागून संकटं कोसळतात; त्या कथेत त्याचे मित्र येतात ते आधी सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहतात. मग तोंड उघडतात आणि समजावू लागतात, तू काहीतरी केलं असशील म्हणूनच हे झालं. शेवटी देव बोलतो तेव्हा तो रागावतो या समजावणाऱ्यांवर. देवाशी भांडलेल्या ईयोबाबद्दल तो म्हणतो, हा माझ्याविषयी योग्य तेच बोलला.

म्हणून, असं विचारणं पाप तर नाही ना, हे जे तू शेवटी भीतभीत लिहिलं आहेस, ते मनातून काढून टाक. द्रौपदीने वनवासात युधिष्ठिराला हेच विचारलं आणि तुझ्यापेक्षा कितीतरी तिखट विचारलं. लाकडाची बाहुली हलवावी तसा तो विधाता आपल्याला हलवतो, ती म्हणते, पोर खेळण्यांशी खेळतं तसा खेळतो. आणि केलेलं कर्म करणाऱ्यालाच लागत असेल, तर करवून घेणाऱ्या ईश्वरालाही ते पाप नक्कीच चिकटतं. युधिष्ठिर उत्तर देतो की तुझं बोलणं सुंदर आहे, पण ते नास्तिकाचं आहे. त्यावर ती गप्प बसत नाही. म्हणते, मी धर्माचा अपमान करत नाही, मी दुःखाने बोलते आहे असं समज, आणि आणखी बोलणार आहे.

ती पुढे जे बोलते ते मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. आपण बाहुल्या आहोत म्हणणारी तीच बाई आता म्हणते, नुसतं दैवावर भरवसा टाकून बसणारा आणि सगळं आपोआप घडतं म्हणणारा, दोघेही कुचकामी. कर्म करायचं ठरवणारा तेवढा चांगला. देवावरचा आरोप तिने मागे घेतलेला नाही आणि हातपायही गाळलेले नाहीत. अमेय, मी देव मानते हे तू जाणतोस. माझ्या मानण्यात तिच्या त्या आरोपालाही जागा आहे. तो प्रश्न ऐकून घेऊ शकणार नाही असा देव मला नको.

पत्रात तू तुझ्या मित्राच्या भावाबद्दल दोनच ओळी लिहिल्या आहेस, पण हे सारे प्रश्न तिथूनच आले आहेत हे मला कळलं. सुट्टीच्या दिवशी त्याच्याकडे जाऊन बस. यातलं काही त्याला सांगू नकोस. तो भावाबद्दल बोलला तर ऐक, त्याचं काही काम अडलं असेल तर ते कर.

वनपर्वातला द्रौपदी-युधिष्ठिर संवाद तिथल्या ग्रंथालयात मिळतो का बघ. नाही मिळाला तर कळव, मी उतरवून पाठवते. आणि बोएथियसच्या युक्तिवादात तुला कुठे फट दिसली तर तीही लिही. बाबांना ती दिसते आहे असं ते म्हणतात, पण मला अजून नीट मांडून दाखवत नाहीत.

तुझी,
आई