‘फक्त तीन वनस्पती तेले’ असा दावा करणाऱ्या चेहरा स्वच्छतेच्या तेलाबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

विषय : दर्शनी भागावरील खोटा दावा, झाकलेली घटकसूची आणि त्यामुळे झालेला त्रास

महोदय,

गेल्या महिन्यात मी आपल्या संकेतस्थळावरून चेहरा स्वच्छ करण्याच्या तेलाची १०० मिलिलिटरची बाटली ७४९ रुपयांना मागवली. बाटलीवर करडईचे फूल, तिळाच्या बोंडी आणि नारळ यांची चित्रे आहेत व त्यांखाली ‘लाकडी घाण्याची फक्त तीन वनस्पती तेले, बाकी काही नाही’ असे ठळक अक्षरांत छापले आहे. बाजूला ‘लॉरिक ॲसिडने समृद्ध’ आणि ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असेही लिहिले आहे. हे तिन्ही दावे खोटे आहेत, आणि त्याचा पुरावा खुद्द आपल्याच लेबलावर आहे.

हे तेल मी हौसेखातर घेतले नव्हते. माझी त्वचा मुळात कोरडी आहे आणि तिला सुगंधद्रव्ये सोसत नाहीत, त्यामुळे सुवासिक साबण, फेसवॉश आणि क्रीम टाळावीत असे माझ्या त्वचारोगतज्ज्ञांनी मला निक्षून सांगितलेले आहे. दिवसभर लावलेले सनस्क्रीन आणि काजळ नुसत्या पाण्याने निघत नाही. ते तेलात मात्र सहज सुटते. म्हणून रात्री चेहऱ्यावर हलक्या हाताने तेल चोळायचे आणि कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ पंचाने ते टिपून घ्यायचे, ही रीत मला मानवते. आमच्या सासूबाई आजही खोबरेल लावून मसुराच्या पिठाने तोंड धुतात. करडईच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश भाग लिनोलिक ॲसिडचा असतो, आणि त्वचेच्या वरच्या थरातून ओलावा उडून जाऊ नये म्हणून जी नैसर्गिक तटबंदी असते तिच्या घडणीत या ॲसिडचा वाटा आहे. शिवाय हे तेल हाताला हलके लागते. त्याची एकच अडचण म्हणजे ते लवकर खवट होते. म्हणूनच घाण्यावरचे सुटे तेल न आणता गडद काचेच्या बाटलीतले, वापराची मुदत छापलेले तेल घ्यावे असे मी ठरवले आणि लिटरभर खाद्यतेलाच्या कितीतरी पट किंमत खुशीने मोजली.

पहिली शंका थंडीत आली. नाशिकला डिसेंबर-जानेवारीत खोबरेल गोठणे ही नित्याची गोष्ट आहे, कारण साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली ते घट्ट होऊ लागते. आमच्या न्हाणीघराच्या खिडकीत सासूबाईंची खोबरेलाची बाटली पांढरी दगड झालेली असे आणि तिच्या शेजारची आपली बाटली मात्र पंप दाबताच पाण्यासारखी धार देत असे. तीन तेलांच्या मिश्रणात करडईचे प्रमाण मोठे असेल तर ते खोबरेलासारखे गोठणार नाही, हे मला कळते. पण थोडी गढूळताही येऊ नये, हे पटेना. मग मी पांढऱ्या बशीत चार थेंब काढून पाहिले. घाण्याचे करडईचे तेल सोनेरी असते आणि तिळाच्या कच्च्या तेलाला स्वतःचा खमंग वास असतो. बशीतले तेल बिनरंगाचे होते आणि त्याला मंद, गोडसर वास येत होता. ओल्या बोटाने ते चोळले तेव्हा त्याचे दुधासारखे पांढरे पाणी झाले. निव्वळ तेल पाण्यात असे मिसळत नाही. त्यासाठी तेल आणि पाणी यांना एकत्र बांधणारा पायसकारी घटक घालावा लागतो. त्याच दिवशी मी आपल्या मदत क्रमांकावर फोन केला, तेव्हा तो वास तिळाचाच आहे आणि बाटलीत तीन तेलांशिवाय काहीही नाही, असे मला ठामपणे सांगण्यात आले. त्या शब्दावर विश्वास ठेवून मी वापर चालू ठेवला.

पुढे माझ्या पापण्या लाल झाल्या, सुजल्या आणि त्यांना सतत खाज सुटू लागली. पापण्यांची कातडी चेहऱ्यावर सर्वांत पातळ असते, त्यामुळे सुगंधद्रव्याचा त्रास पुष्कळदा आधी तिथेच दिसतो. डॉक्टरांनी घटकसूची मागितली. बाटलीवर ती कुठेच दिसेना, कारण तिच्यावर आपला ‘सणाची खास सवलत’ असा चकचकीत स्टिकर चिकटवलेला होता. तो कोमट पाण्याने भिजवून काढल्यावर खाली बारीक अक्षरांत पुढील क्रम आढळला : कॅप्रिलिक/कॅप्रिक ट्रायग्लिसराइड, लाइट लिक्विड पॅराफिन, आयसोप्रोपिल मिरिस्टेट, पेग-२० ग्लिसरिल ट्रायआयसोस्टिअरेट, सुगंधद्रव्य, आणि त्यानंतर करडई तेल, तीळ तेल, खोबरेल तेल. यांतला ‘पेग-२०’ने सुरू होणारा घटक म्हणजेच तो पायसकारी घटक.

सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० प्रमाणे एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात आणि एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यांच्यानंतर कोणत्याही क्रमाने देता येतात. म्हणजे ज्या तीन तेलांची चित्रे आपण दर्शनी भागावर छापली, ती एक तर सुगंधद्रव्याहूनही कमी आहेत, नाहीतर तीही आणि सुगंधद्रव्यही प्रत्येकी एक टक्क्याच्या आत आहेत. कोणताही अर्थ घेतला तरी ‘फक्त तीन तेले’ हे विधान टिकत नाही.

यावर आपल्या प्रतिनिधींनी ईमेलने दिलेले उत्तर मला अधिक खटकले. ट्रायग्लिसराइड नारळापासूनच तयार होते, म्हणून ते खोबरेलच आहे, असे त्यात म्हटले आहे. वस्तुस्थिती अशी की खोबरेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक ॲसिड असते, आणि त्यातील फक्त कॅप्रिलिक व कॅप्रिक ही लॉरिकपेक्षा लहान साखळीची ॲसिडे वेगळी काढून, ती ग्लिसरीनशी जोडून हा घटक कारखान्यात बनवला जातो. लॉरिक ॲसिड त्यात जवळजवळ उरतच नाही; म्हणूनच तो थंडीत गोठत नाही. तेव्हा एक तर हे खोबरेल नाही, नाहीतर ‘लॉरिक ॲसिडने समृद्ध’ हे खरे नाही. दोन्ही विधाने एकाच बाटलीवर उभी राहू शकत नाहीत. पॅराफिनविषयी त्याच ईमेलमध्ये ‘तेही जमिनीतूनच मिळते, त्यामुळे नैसर्गिक’ असे लिहिले आहे. लिक्विड पॅराफिन खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून मिळते. करडईच्या फुलाचे चित्र छापून ते विकणे आणि विचारणा झाल्यावर जमिनीचा आधार घेणे, हे ग्राहकाला अडाणी समजण्यासारखे आहे.

येथे एक बाब स्पष्ट करते. उत्तम शुद्ध केलेले पॅराफिन त्वचेला घातक आहे असे माझे म्हणणे नाही. बाळांच्या मालिशच्या तेलातही ते असते. पायसकारी घटकाने तेल पाण्याबरोबर धुऊन निघते, ही तर पुष्कळांच्या सोयीची गोष्ट आहे. नैसर्गिक तेवढे निर्धोक असेही मी मानत नाही, कारण कित्येक वनस्पतींच्या सुगंधी तेलांनीच माझ्यासारख्यांना पुरळ उठते. आयसोप्रोपिल मिरिस्टेट मुरुमे येणाऱ्या त्वचेची रंध्रे बुजवू शकते, म्हणून माझ्या भाचीला ते टाळावे लागते, तर दुसऱ्या कोणाला त्याचा काहीच त्रास होत नसेल. प्रत्येकाची त्वचा वेगळी आहे, आणि म्हणूनच बाटलीत काय आहे ते खरे आणि दिसेल असे लिहिणे ही आपली जबाबदारी आहे. माझ्या डॉक्टरांनी मला एकच घटक टाळायला सांगितला होता आणि तोच आपण स्टिकरखाली ठेवलात.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मालाच्या घटकांविषयी खोटे वर्णन करणे ही भ्रामक जाहिरात ठरते आणि त्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० यातही दिशाभूल करणाऱ्या लेबलाबाबत तरतूद आहे. माझे ७४९ रुपये आणि डॉक्टरांचे शुल्क व औषधांचा खर्च आपण परत करावाच. परंतु तेवढ्यावर हे प्रकरण मिटवू नये, कारण एका ग्राहकाला पैसे परत देऊन तीच बाटली दुसऱ्याला विकली जाणार असेल तर या पत्राचा उपयोग नाही. सध्याचा साठा विक्रीतून काढावा, संकेतस्थळावर घटकसूचीचे वाचता येईल असे छायाचित्र टाकावे, दर्शनी भागावर ज्या तेलाचे चित्र असेल त्याचे प्रमाण टक्क्यांत त्याच बाजूला छापावे आणि ज्यांनी हे तेल आधीच घेतले आहे त्या सर्वांना त्यात सुगंधद्रव्य असल्याचे कळवावे. त्यांच्यापैकी कोणाच्या तरी पापण्या आज सुजलेल्या असतील आणि त्यांना कारण माहीत नसेल, याची मला खरोखर काळजी वाटते. मदत क्रमांकावर चुकीची माहिती कोणाच्या सूचनेवरून दिली गेली, याचाही लेखी खुलासा मला हवा आहे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन, तसेच अन्न व औषध प्रशासनाच्या येथील कार्यालयात आणि जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. अर्धी भरलेली बाटली मी त्यासाठी जपून ठेवली आहे; ती परत पाठवण्याची सूचना करू नये.

आपली,
एक ग्राहक, नाशिक

सोबत : बिलाची प्रत, स्टिकर काढण्यापूर्वीची व नंतरची लेबलाची छायाचित्रे, आपल्या प्रतिनिधींचा ईमेल, डॉक्टरांची चिठ्ठी व औषधांची बिले.