दामदुपट आणि बदललेले खत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सावकारीवरील आपल्या लेखात, दामदुपटीच्या नियमामुळे ऋणकोला मुद्दलाच्या दुपटीहून अधिक कधीच भरावे लागत नसे, असे म्हटले आहे. ते अर्धेच खरे आहे.

नियम मनुस्मृतीइतका जुना असला, तरी इंग्रजी अमलात तो टिकेल की नाही याचीच शंका होती. १८५५ च्या २८ व्या कायद्याने व्याजदरावरील बंधने उठवली, तेव्हा दामदुपटही त्याबरोबर गेली, असे धनकोंना म्हणता येऊ लागले. धोंडू जगन्नाथ विरुद्ध नारायण रामचंद्र या १८६३ च्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने हे म्हणणे नाकारले. दर काहीही ठरवा, पण एका वेळी वसूल होणारे थकीत व्याज मुद्दलाहून अधिक असता कामा नये, असा त्याचा अर्थ. यातले 'एका वेळी' हे शब्द फार महत्त्वाचे आहेत, कारण पूर्वी वेळोवेळी भरलेले व्याज या हिशेबात धरले जात नसे.

खरी मेख मात्र खत, म्हणजे कर्जरोखा, बदलण्यात होती. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खतावरील दाव्याला तीनच वर्षे मिळत, म्हणून मुदत संपत आली की सावकार थकलेले व्याज मुद्दलात घालून नवे खत लिहून घेई आणि ते व्याज कायद्याच्या नजरेत मुद्दल होऊन बसे. आमच्या घरी मोडीतली अशी तीन खते एकाच दोऱ्यात ओवलेली आहेत; दुसरे वाचताना पहिल्याची रक्कम शोधावी लागते, इतकी ती फुगलेली आहे. शंभर रुपये दरमहा दोन रुपये शेकड्याने घेतले, तर तीन वर्षांनी १७२, खत बदलल्यावर सहाव्या वर्षी सुमारे २९६ आणि नवव्या वर्षी ५०९ रुपये होतात. दामदुपटीची मर्यादा २०० च होती, पण प्रत्येक खत सुटे पाहिले तर ती कुठेच मोडलेली दिसत नाही.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुप्यात सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा दंगा पेटला, तेव्हा लोकांचा रोख या कागदांवरच होता. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठी १८७९ मध्ये झालेल्या कायद्याने शेवटच्या खतावर न थांबता पहिल्या देवघेवीपासून हिशेब तपासण्याचे काम न्यायाधीशावर सोपवले. दामदुपटीला जे साधले नव्हते, ते या तरतुदीने करून पाहिले.

आपला,
एक वाचक, पुणे