आईच्या आवाजाबद्दल

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

आईच्या दुर्बिणीच्या तपासणीचा व्हिडिओ नीट पाहिला. 'दोन्हीकडे गाठी' वाचून तुम्ही दोघंही हबकलात, हे बाबांच्या आवाजावरूनच कळलं. रोज असेच आवाज घेऊन माणसं माझ्याकडे आवाजाच्या थेरपीला येतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आई, मूळ दुखणं डावीकडे आहे. स्वरतंतूच्या पातळ आवरणाखाली एक मऊ थर असतो. त्यातल्या बारीक ग्रंथीचं तोंड बुजलं की आत स्राव साठतो आणि सिस्ट होते. बोलताना बायकांचे स्वरतंतू सेकंदाला साधारण 200 वेळा एकमेकांना भिडतात. तो उंचवटा दर वेळी समोरच्या तंतूवर त्याच जागी आदळत राहिला आणि चपलेच्या पट्ट्यानं पायाला घट्टा पडावा तसा उजवीकडे जाडसरपणा आला. त्यात तंतू पुरते मिटत नाहीत, हवा निसटते, मग तू जोर लावून बोलतेस आणि त्या जोरानं सूज आणखी वाढते.

नोड्यूल, म्हणजे आवाजावर सतत ताण पडून आलेले घट्टे, असते तर दोन्हीकडे साधारण सारखेच दिसले असते, आणि ते बहुतेकदा थेरपीनं बसतात. पॉलिप, म्हणजे तंतूवर आलेला मऊ फुगवटा, बऱ्याचदा एकाच बाजूला होतो, कधी जोरात ओरडताना बारीक रक्तवाहिनी फुटून. पण त्याच्याही समोर असा घट्टा येऊ शकतो. आवाज काढताना तंतूच्या आवरणावर लाट उठते. तुझ्या व्हिडिओत उजव्या तंतूवरची लाट सरळ वाहते, डावीकडची मात्र गाठीपाशी अडते. म्हणून डॉक्टरांचं सिस्टचं निदान मला पटतं.

सिस्ट नुसत्या थेरपीनं सहसा जात नाही, ऑपरेशन लागतं. ती काढल्यावर उजवीकडची सूज पुष्कळदा आपोआप ओसरते. तेव्हा बाबा, 'उजव्या बाजूला हात न लावता चालेल का?' हे डॉक्टरांना तुम्ही जरूर विचारा. काढलेली गाठ तपासायला पाठवतील, ती नेहमीची पद्धत आहे. अशी सिस्ट म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि तिचा पुढे कॅन्सर होत नाही.

आई, तोवर कुजबुजू नकोस, त्यानंही घशावर ताण येतो. हळू, पण नेहमीच्या आवाजात बोल. सारखा घसा खाकरण्याऐवजी घोटभर पाणी पी. आणि बाबा, तिला दुसऱ्या खोलीतून हाक मारू नका. उठून तिच्यापाशी जा, म्हणजे तिला ओरडून ओ द्यावी लागणार नाही.

ऑपरेशनची तारीख ठरली की लगेच कळवा, मी आदल्या दिवशी येते.

तुमची,
ताई