बाबांचं ऑपरेशन आणि माझं काम

बंगळुरू

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर हे सगळं नीट बोलता येत नाही. बाबांचा आवाज हल्ली खाली गेलाय, मळ्यात रेंज मिळत नाही, आणि ऑपरेशनचं नाव निघालं की आई फोन राहुलच्या हातात देते. म्हणून लिहितेय. राहुलने दोघांना समोर बसवून सावकाश वाचून दाखवावं. एका बैठकीत नाही झालं तर दोन बैठकांत.

डॉक्टरांनी बाबांच्या कंपवातासाठी मेंदूत तार बसवायचं ऑपरेशन सुचवलं आणि त्याच सुमारास काकांकडून तो व्हिडिओ आला, मेंदूत चिप बसवलेला माणूस हात न लावता कॉम्प्युटर चालवतो तो. मग बाबा, तुम्ही म्हणालात, ‘तूच बनवतेस ना ही चिप? मग तुझीच बसव मला.’ तुमच्या या विश्वासाने मला भरून आलं. पण मी ज्यावर काम करते ते तुमच्या आजारावरचं नाही, आणि डॉक्टर जे बसवायचं म्हणतात ते त्या व्हिडिओतलं नाही. दोन्हींचं मूळ मात्र एक आहे. मेंदूतल्या पेशीचा इशारा उमटतो, तो उमटतो त्याच क्षणी ओळखायचा. हे मूळ समजलं की ऑपरेशनला हो म्हणायचं की नाही ते तुम्ही स्वतः ठरवू शकाल. मी सांगते म्हणून हो नको, आणि आई घाबरते म्हणून नाही नको.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी असतात. एक पेशी दुसरीला निरोप धाडते तेव्हा तिच्यात विजेचा एक झटका उमटतो. तो टिकतो जेमतेम एक मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. आम्ही त्याला स्पाइक म्हणतो. अगदी बारीक तारेचं टोक पेशीच्या जवळ नेलं तर हा झटका बाहेरूनही पकडता येतो, पण तारेपर्यंत येईतो तो फार क्षीण झालेला असतो, बऱ्याचदा शंभर मायक्रोव्होल्टच्या आसपास. टॉर्चच्या सेलमध्ये दीड व्होल्ट असतो, त्याचा पंधरा हजारावा भाग झाला हा. त्यात दूरच्या असंख्य पेशींची कुजबुज मिसळलेली, तारेचा आणि सर्किटचा स्वतःचा गोंगाट मिसळलेला. या सगळ्यातून ‘हा स्पाइक, हा नाही’ हे ठरवणारा चिपचा जो तुकडा असतो, तो माझ्याकडे आहे. तुम्ही लोकांना ‘पोरगी कॉम्प्युटरमध्ये आहे’ असं सांगता ना, ते काम हे.

बाबा, तुम्हाला हिशेबातलं कळतं म्हणून सांगते. तुम्ही म्हणाल, सगळंच बाहेर पाठवा आणि मोठ्या कॉम्प्युटरवर निवडा. अमेरिकेतल्या न्यूरालिंक कंपनीच्या चिपला १०२४ टोकं आहेत. प्रत्येक टोकावर सेकंदाला २०,००० वेळा मोजमाप आणि प्रत्येक मोजमाप दहा बिटांचं, म्हणजे ० किंवा १ अशा दहा खुणांचं धरलं, तर सेकंदाला वीस कोटींवर बिट होतात. एवढं बिनतारी पाठवायचं तर वीज जास्त लागते, वीज लागली की चिप तापते, आणि मेंदूला चिकटून असलेली वस्तू एखाद-दोन अंशांपेक्षा जास्त तापलेली चालत नाही. कापूस वेचताना आपण झाडं उपटून जिनिंगला नेत नाही. फुटलेलं बोंड जागच्या जागी ओळखायचं, तेवढंच ओटीत टाकायचं आणि पुढे सरकायचं. चिपनेही तेच करायचं. स्पाइक दिसला तर तेवढा कळवायचा, बाकीचं सोडून द्यायचं. मग पाठवायचं ओझं शेकडो पटींनी उतरतं. आणि हे सगळं काही मिलिसेकंदांत झालं पाहिजे, कारण माणसाने मनात हात हलवला आणि पडद्यावरचा बाण उशिराने हलला, तर त्याला तो बाण आपला वाटतच नाही.

ओळखायचं कसं, तर सगळ्यात साधी रीत म्हणजे एक पातळी ठरवायची आणि सिग्नल तिच्यापलीकडे गेला की स्पाइक मानायचा. पातळी सैल ठेवली तर खोटे स्पाइक घुसतात, कडक ठेवली तर खरे निसटतात. बरं, ती एकदा ठरवून सोडून देता येत नाही. श्वासाबरोबर, नाडीबरोबर मेंदू हलतो, तार तसूभर सरकते, तिच्याभोवती हळूहळू व्रणासारखं जाळं धरतं, मग कालचा गोंगाट आज तेवढाच राहत नाही. म्हणून चिपने गोंगाट सतत मोजून आपली पातळी आपणच सरकवत राहायची. गोंगाटाची सरासरी काढली तर स्पाइकच त्या सरासरीत शिरतात आणि ती फुगवतात, म्हणून मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर बरोबर मधोमध येणारा आकडा, घेणं बरं. पण मध्यक काढायचा तर आकडे साठवून क्रमाने लावावे लागतात, त्याला जागा आणि वीज लागते, आणि आमच्याकडे दोन्हींची टंचाई. मग अंदाजापेक्षा मोजमाप वर गेलं की अंदाज कणभर वर, खाली राहिलं की कणभर खाली, अशा नुसत्या सरकवण्याने मध्यकाच्या जवळ पोचता येतं. एवढ्याशा गोष्टीवर मी रात्री जागते आणि मला ते मनापासून आवडतं. तुमच्यापैकी कोणी मला आजवर ‘लग्नाचं काय’ याच्या आधी ‘कामाचं काय’ असं विचारलं नव्हतं. बाबा, तुम्ही विचारलंत, म्हणून एवढं लिहिलं.

यातून माणसांचं काय भलं झालं ते आई, तुझ्यासाठी सांगते. अमेरिकेत ब्रेनगेट नावाचा प्रयोग २००४ मध्ये सुरू झाला. मॅथ्यू नेगल नावाच्या तरुणाचे हातपाय मानेतल्या जखमेमुळे गेलेले. त्याच्या मेंदूच्या हालचाल सांभाळणाऱ्या भागात चार मिलिमीटरची, बारीक सुयांची चिप बसवली आणि तो नुसत्या प्रयत्नाने पडद्यावरचा बाण हलवू लागला. पुढे २०१२ मध्ये त्याच प्रयोगातल्या एका बाईने यांत्रिक हाताने बाटली उचलून तोंडाशी नेली आणि कॉफी प्यायली. पक्षाघात होऊन जवळजवळ पंधरा वर्षं झाली होती तिला, आणि तेवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती कोणी न पाजता प्यायली. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी, आजाराने वाचा गेलेल्या एका माणसाच्या मेंदूतून २५६ टोकांनी सिग्नल घेऊन तो काय बोलू पाहतो ते पडद्यावर आणलं. शंभरातले सत्त्याण्णव शब्द बरोबर. आपल्या गल्लीतल्या मावशी पक्षाघाताचा झटका आल्यापासून नुसतं बघत राहतात, त्यांची मला तेव्हा फार आठवण आली. झटक्यात मेंदूचा कुठला भाग गेला यावर पुष्कळ अवलंबून असतं, त्यामुळे त्यांना याचा उपयोग झाला असता असं मी म्हणत नाही. शिवाय ते यंत्र इंग्रजीचे उच्चार शिकलेलं. मराठीचे, आपल्या अहिराणीचे उच्चार त्याला कोणीतरी शिकवायला हवेत, आणि ते काम आपल्याकडच्याच माणसांनी करायला हवं असं मला फार वाटतं.

आता व्हिडिओत न सांगितलेलं. ही चिप मनातलं वाचत नाही. ती बसते हालचालीच्या भागावर आणि हात हलवायचा, ओठ हलवायचा प्रयत्न ओळखते. त्यासाठी माणसाला यंत्राबरोबर सराव करावा लागतो. न्यूरालिंकच्या पहिल्या स्वयंसेवकाला, नोलंड आर्बोला, जानेवारी २०२४ मध्ये चिप बसवली आणि काही आठवड्यांत तिचे बरेच धागे मेंदूतून मागे सरकले. कंपनीने सिग्नल ओळखायची रीत बदलून काम पुन्हा मार्गी लावलं. हे सगळं अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे आणि ज्यांचे हातपाय किंवा वाचा गेली त्यांच्यासाठी आहे. कंपवातावरचा तो इलाज नव्हे. काकांना हे सांगा, पण रागावून नको. त्यांनी मायेनेच पाठवलं.

बाबा, तुमचं ऑपरेशन वेगळं. कंपवातात मेंदूच्या खोल भागातल्या, डोपामिन नावाचं निरोप पोचवणारं रसायन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. तुमच्या गोळीतली लेव्होडोपा मेंदूत जाऊन डोपामिन होते, म्हणून गोळी लागू झाली की हात मोकळा होतो आणि उतरली की पाय जमिनीला चिकटतात. डोपामिन कमी पडलं की सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाचा काही मिलिमीटरचा एक ठिपका फार चेकाळतो. तिथे तार ठेवून सेकंदाला शंभरावर बारीक विजेचे ठोके देत राहायचे, की ती बिघडलेली लय मोडते. फ्रान्समधल्या ग्रनोबलमध्ये डॉ. बेनाबिद यांनी १९८७ मध्ये ही वाट काढली, तेव्हा तार शेजारच्या थॅलॅमस या भागात होती. आज जगभर लाखाच्या वर लोकांना अशी तार बसवलेली आहे. तारेला वीज देणारी डबी गळ्याच्या हाडाखाली कातडीच्या आत बसते, आणि जोडणारी वायर कानामागून मानेतून कातडीखालूनच जाते.

आई, तुझ्या भीतीची जागा मला ठाऊक आहे. ‘मन्हा जीव घाबरस’ म्हणालीस ना, डोकं उघडायचं आणि माणूस जागा. पुष्कळ ठिकाणी खरंच जागं ठेवतात. कवटीला रुपयाच्या नाण्याहून लहान भोक पाडतात, तिथली कातडी भूल देऊन बधिर करतात, आणि मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. मग बारीक तार अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने खाली नेतात, पेशींचा सिग्नल मोठा करून स्पीकरवर सोडतात आणि डॉक्टर तो ऐकत बसतात. पेशी नसलेल्या थरातून जाताना आवाज शांत असतो. त्या ठिपक्यात शिरलं की तडतड एकदम दाट होते. फोटोत जागा दिसतेच, पण नेमकं पोचलो का ते त्या पेशी सांगतात. कधी बाबांचा हात डॉक्टर हलवून बघतील आणि त्या हलण्याबरोबर आवाज बदलेल. मी रोज ज्या स्पाइकच्या मागे असते तेच हे, फक्त इथे निवाडा चिप करत नाही, अनुभवी कान करतात. जागं ठेवतात ते यासाठी, आणि वीज सोडली की कंप कितपत थांबतो, बोलणं अडखळतं का, हे तिथेच कळावं म्हणून.

अलीकडच्या डब्या तारेवरूनच मेंदूची लय ऐकतातही. एकेका पेशीचा स्पाइक नव्हे, हजारो पेशींची मिळून एक सामायिक लहर, सेकंदाला १३ ते ३० वेळा येणारी. कंपवातात ती जोरात असते. ती वाढली की वीज वाढवायची, उतरली की कमी करायची, असं आपोआप जुळवून घेणाऱ्या पद्धतीला अमेरिकेत फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्यता मिळाली. तुम्हाला ती डबी सुचवतात की साधी, ते विचारा. किंमत बरीच वेगळी असेल, आणि माझं मत असं की साध्या डबीनेही वर्षानुवर्षं माणसं चालती-फिरती राहिलीत, तेव्हा निव्वळ नव्या डबीसाठी शेत गहाण टाकायचा विचार कोणी करू नये. पैशाचं माझ्याकडे सोपवा.

ऑपरेशनने आजार मुळातून जात नाही. तो आपल्या वेगाने पुढे जातच राहतो. गोळीने जे सुधारतं तेच बहुतेक याने सुधारतं, फक्त दिवसभर टिकतं. कंपाला याचा चांगला उपयोग होतो. तोल जाणं आणि आवाज खाली जाणं याला फारसा नाही, बोलणं कधीकधी आणखी जड होतं. थोड्या जणांना मेंदूत रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग होतो. हे मी लपवणार नाही. पण सही जुळत नाही म्हणून बाबांनी बँकेत जाणं सोडलं, चहाचा कप सांडतो म्हणून पारावर बसणं सोडलं, हेही मला दिसतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच की निदान तपासणीला जाऊ. तिथे रात्रभर गोळी बंद ठेवून सकाळी हालचाली तपासतात, मग गोळी देऊन पुन्हा तपासतात. फरक मोठा पडला तर ऑपरेशनचा फायदा होण्याची शक्यता चांगली. स्मरणशक्तीचीही परीक्षा घेतात. तपासणी झाली म्हणजे ऑपरेशन ठरलं असं नाही, आई.

तोवर तीन गोष्टी. बाबांची गोळी दुधाबरोबर देऊ नकोस. दूध, डाळ यांतली प्रथिनं आणि गोळी मेंदूत शिरताना एकमेकांच्या आड येतात. जेवणाआधी किती वेळ द्यायची ते डॉक्टरांना विचारून मला कळवा. बाजारात मिळालेली खाजकुइरीची पूड चालू आहे असं राहुलने सांगितलं. तिच्यात खरोखरच लेव्होडोपा असते, म्हणूनच न सांगता घेणं धोक्याचं, एकूण मात्रा किती जाते ते कोणालाच कळत नाही. पुडी फेकू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि एका वहीत रोज लिहायचं: गोळी किती वाजता घेतली, हात किती वाजता मोकळा झाला, पुन्हा कधी अडला. बाबांचं अक्षर बारीक होत जातं तर होऊ दे, त्यांनीच लिहावं. अक्षराचा आकारही डॉक्टरांना बघायचा असतो.

आखाजीला मी येतेच आहे. सण झाला की अमळनेरहून खान्देश एक्सप्रेसने आपण तिघं मुंबईला तपासणीला जाऊ, तिकिटं मी काढते. जुने सगळे कागद आणि एमआरआयची फिल्म एका पिशवीत काढून ठेवा, घडी घालू नका. वहीच्या पहिल्या पानाचा फोटो राहुलने या रविवारी पाठवावा.

तुमची,
मनीषा