मशीनच्या फॉर्मवर सही करू नका

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही पाठवलेला त्या कार्ड मशीनवाल्याचा फॉर्म नीट वाचला. सही करू नका. महिन्याचं भाडं, त्यावर जीएसटी, आणि मुदतीआधी मशीन परत केलं तर वेगळा दंड, हे सगळं मागच्या पानावर मुंगीच्या अक्षरात आहे. भांडी बाजारात आपल्याकडे येणारं गिऱ्हाईक कार्ड काढतं तरी कधी? एक तर नोटा मोजतं, नाहीतर मोबाइल पुढे करतं.

काउंटरला क्यूआर पुरे. १ जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून यूपीआयने आलेल्या पैशांवर दुकानदाराला एमडीआर, म्हणजे दर व्यवहारामागे कापली जाणारी फी, लागत नाही. हजाराची कळशी विकली की हजारच जमा. काचेवर तीन कंपन्यांचे तीन स्टिकर चिकटवलेत, ते काढा. कुठलाही यूपीआय क्यूआर कुठल्याही अ‍ॅपने स्कॅन होतो. फक्त तो बाबांच्या बचत खात्याचा नको, दुकानाच्या चालू खात्याचा हवा. नाहीतर मार्च महिन्यात दुधाचे पैसे कुठले आणि घंगाळाचे कुठले हे निवडत आईच बसते, बाबा नव्हे! साउंडबॉक्स, म्हणजे पैसे जमा होताच रक्कम बोलून सांगणारा छोटा स्पीकर, मात्र जरूर घ्या, मराठीत बोलणारा. ‘काका, गेले बघा पैसे’ म्हणून स्क्रीनशॉट दाखवणाऱ्यांवर तोच उतारा आहे. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कोणी पिन टाका म्हणालं, की फोन ठेवायचा.

खरा प्रश्न बाहेरगावच्या ऑर्डरींचा आहे. आई, पुण्या-मुंबईहून समया, ताम्हण, पंचपात्री मागवणारे वाढलेत आणि कोणाचे पैसे कोणत्या पार्सलचे हे तू रात्री वही घेऊन जुळवत बसतेस. त्यासाठी पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे गोळा करून आपल्या खात्यात जमा करणारी सेवा, घेऊ या. वेबसाइट वगैरे काही नको. बिलाच्या रकमेची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची, गिऱ्हाईक कार्डाने, नेट बँकिंगने किंवा यूपीआयने भरतं, आणि यादीत नावानिशी दिसतं.

हे फुकट नाही. साधारण दोन टक्के घेतात आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी. चार हजारांच्या समईच्या जोडीवर ८० रुपये फी, १४ रुपये ४० पैसे कर, हातात ३,९०५ रुपये ६० पैसे. पितळ आपण किलोवर विकतो, मजुरी धरून त्यात सुटतं किती हे तुम्ही मला सांगायला नको. म्हणून भाव सांगतानाच कुरिअरबरोबर हेही धरायचं. यूपीआयने आलेल्या पैशांवर काही गेटवे स्वतःची फी लावतात, तेही आधी विचारायचं. ओळखीच्या गिऱ्हाइकांना मात्र लिंक पाठवूच नका, दुकानाचा क्यूआर पाठवा.

बाबा, तुम्ही ‘कोणाचा दर कमी’ एवढंच विचारता. मी आधी विचारीन, पैसे खात्यात कधी येतात. गेटवेचे पैसे लगेच येत नाहीत, एक-दोन कामाचे दिवस जातात. मध्ये रविवार आणि सण आला की आणखी लांबतात. धनत्रयोदशीच्या आधी तांबट कारागिरांना रोख मोजायची वेळ येते, तेव्हा पाव टक्का वाचल्याचा काय उपयोग? दुसरं म्हणजे परवाना. रिझर्व्ह बँकेने परवाना दिलेल्या अशा गेटवे कंपन्यांची, म्हणजे पेमेंट अ‍ॅग्रिगेटरांची यादी तिच्याच संकेतस्थळावर असते. त्यांना गिऱ्हाइकांचे पैसे वेगळ्या एस्क्रो खात्यात, म्हणजे कंपनीला स्वतःसाठी वापरता न येणाऱ्या खात्यात, ठेवावे लागतात. यादीत नाव नसेल तर तो कितीही स्वस्त असला तरी नको.

तिसरी गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. कार्डाने पैसे भरणारा ‘माल आलाच नाही’ किंवा ‘समई चेपलेली निघाली’ म्हणून बँकेकडे तक्रार करू शकतो. मग ती रक्कम अडकते आणि पुरावा आपण द्यायचा. म्हणून पार्सल बांधण्याआधी भांड्याचा फोटो, बांधल्यावर खोक्याचा फोटो, कुरिअरची पावती, आणि पोचल्याची नोंद. समईचे भाग सुटे करून वर्तमानपत्रात गुंडाळता तसेच गुंडाळा, पण वरून जाड खोकं घ्या.

सिंहस्थाची गर्दी होईल, तेव्हा मशीन लागेल असं तुम्ही म्हणता. बाबा, २०१५ च्या सिंहस्थात यूपीआय नव्हतंच, ते आलं २०१६ मध्ये. आता भाजीवालीकडेसुद्धा क्यूआर असतो. मला काळजी नेटवर्कची आहे. पर्वणीच्या गर्दीत फोन चालला नाही तर सुट्ट्यांचा डबा भरलेला हवा. तेवढं तुमच्याकडे असतंच.

आई, दुकानाचं पॅन, जीएसटीचं प्रमाणपत्र, गुमास्ता आणि रद्द केलेला चेक, यांचे फोटो पाठव. चारही कागदांवर दुकानाचं नाव अक्षरन्‌अक्षर एकच आहे का ते आधी बघ. एका कागदावर ‘अँड सन्स’ आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यावरही अर्ज अडकतो. रविवारी दुकान बंद झाल्यावर व्हिडिओ कॉल करते, फॉर्म एकत्रच भरू.

तुमची,
मनू