मावशी, इथला ऑक्टोबर दाखवल्याबद्दल आभार

ती. स्व. मावशींस,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "आधी बुटाची नाडी बांध, बस निघेल" असं म्हणून विषय संपवता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. दर ऑक्टोबरात इथे जर्मनीत, एर्लांगेनला, हिवाळी सत्रासाठी आपली मुलं येतात, कुणी नोकरीसाठी येतं, आणि आल्या आल्या दिवस आखडायला लागतात. त्यांनाही कळू दे की इथे तुमच्यासारखं एक माणूस आहे.

पुण्याहून आलेल्या माझ्यासारखीला ऑक्टोबर म्हणजे कडक ऊन आणि दिवाळीची खरेदी. इथे महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि संध्याकाळी पाचलाच दिवे लावावे लागतात. त्या पहिल्या वर्षी मी ऑफिसातून यायची आणि पडदे ओढून बसायची. घरी फोन लावला की घसा दाटून यायचा. मराठी मंडळींच्या फराळाला तुम्ही भेटलात, गाव विचारलंत, मग सह्याद्रीत कुठे कुठे फिरली आहेस ते विचारलंत. रतनगड, हरिश्चंद्रगड ही नावं ऐकून तुमचा चेहरा असा काही खुलला! "शनिवारी सकाळी स्टेशनवर ये. अंधार लवकर पडतो म्हणून घरात बसायचं नसतं, उजेड आहे तेवढ्यात चालून घ्यायचं." तुमचं हे वाक्य मी तेव्हापासून कितीतरी नव्या मुलामुलींना ऐकवलंय.

तुम्ही मला फ्रेंकिशे श्वाइत्स या डोंगराळ भागात नेलंत. एर्लांगेनपासून इतक्या जवळ असा मुलूख आहे याची मला कल्पनाच नव्हती. चालता चालता तुम्ही सांगितलंत की १७९३ साली टीक आणि वाकेनरोडर हे एर्लांगेनच्या विद्यापीठातले दोन विशीतले विद्यार्थी इथे भटकायला आले होते, आणि त्यांच्या लिखाणामुळे या दऱ्याखोऱ्यांचं नाव झालं. परक्या गावात नव्याने आलेल्या मला ते ऐकून फार बरं वाटलं. इथून उठून डोंगरात जाण्याची रीत सव्वादोनशे वर्षांची आहे, आणि आता त्या रांगेत मीही आहे!

दगड दाखवलात तोही आठवतो. आपला सह्याद्री काळा, लाव्हारसाचा. इथले कडे पांढुरके, चुनखडीचे. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता, त्याच्या तळाशी घडलेले. त्या पांढऱ्या कड्यांच्या अंगाखांद्यावर बीच नावाच्या झाडांचं रान. ऑक्टोबरात बीचचं पान आधी कडेने पिवळं पडतं, मग सगळं तांबूस होतं, आणि खालच्या फांद्यांवर काही पानं हिरवीच राहतात. एकाच झाडावर तिन्ही रंग. पायाखाली बीचच्या छोट्या त्रिकोणी बिया करकर वाजतात. सकाळी वीझेंट नदीच्या खोऱ्यात धुकं भरलेलं असतं. चढून वर आलं की आपण उन्हात आणि गावं धुक्याखाली. राजमाचीच्या सकाळी आठवल्या आणि खूप दिवसांनी डोळ्यांत आलेलं पाणी आनंदाचं होतं.

झाडांच्या खोडांवर वाटेच्या खुणा रंगवलेल्या असतात. १९०१ सालापासूनच्या फ्रेंकिशे-श्वाइत्स-फेराइन या संस्थेचे स्वयंसेवक त्या राखतात, पुसट झाल्या की पुन्हा रंगवतात. अशी खूण दिसली की तुम्ही खोडाला हात लावून हळूच "डांके", म्हणजे धन्यवाद, म्हणता. मला वाटायचं, ही तुमची सवय असेल. आता मीही म्हणते.

आणि आउफसेस! जेमतेम हजार-दीड हजार वस्तीची ग्रामपंचायत आणि तिच्या हद्दीत चार ब्रुअरीज. लोकसंख्येच्या मानाने जगात सर्वांत जास्त, म्हणून गिनीज बुकात नोंद झालेली. आउफसेसमध्ये रोथेनबाख, झाक्सेनडोर्फला श्टाटर, होखश्टालला रायखोल्ड आणि हेकेनहोफला काथी-ब्रॉय. या चारींना जोडणारी साधारण १४ किलोमीटरची वाट शेतांतून, रानातून, गावांच्या मागच्या अंगाने जाते. याच आउफसेसच्या सरदार घराण्यातल्या हान्स फॉन आउफसेस यांनी १८५२ मध्ये न्यूरेंबर्गचं जर्मानिशेस नात्सिओनालमुझेउम हे संग्रहालय स्थापन केलं, हेही तुम्हीच त्यांच्या गढीखालून जाताना सांगितलंत.

बिअर मला पुण्यात माहीत नव्हती असं नाही. डूलालीने २००९ मध्ये पुण्यात मायक्रोब्रुअरी सुरू केली तेव्हापासून आपल्याकडेही ताजी बिअर मिळू लागली. पण डोंगर उतरून, पाय दुखत असताना, ज्या गावात ती बनते त्याच गावातल्या लाकडी बाकावर बसून पिणं मला तुम्ही शिकवलंत. हेकेनहोफच्या अंगणात अर्ध्या लिटरचा मग समोर आला. तपकिरी, दाट, वर फेसाचा पातळ थर. पहिल्या घोटाला भाजलेल्या पावाची कड चावल्यासारखी चव, मागाहून किंचित गोडवा, आणि अगदी शेवटी हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या वेलीच्या फुलांचा, हलका कडूपणा. शेजारच्या झाडाचं पान येऊन मगावर पडलं तर तुम्ही ते उचलून वर पुठ्ठ्याची चकती ठेवलीत. त्याच चकतीच्या कडेला वाढणाऱ्या बाईंनी पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या, एक तुमची, एक माझी. हाच आपला हिशेब. ती चकती माझ्याकडे आहे.

ही बिअर हिवाळ्याच्या तोंडावर का, हा माझा प्रश्न तुम्ही टाळला नाहीत, उलट रंगून उत्तर दिलंत. १५५३ मध्ये बव्हेरियात हुकूम निघाला की बिअर फक्त २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल या काळातच बनवायची. उन्हाळ्यात ती बिघडायची, आणि भट्ट्यांमुळे आगी लागायच्या. मग मार्चमध्ये जरा कडक, जास्त हॉप्सची बिअर बनवून डोंगरात खोदलेल्या थंड तळघरांत साठवायची आणि उन्हाळाभर पुरवायची. तळघरं गार राहावीत म्हणून वर सावलीची झाडं लावली, झाडांखाली बाकं आली, आणि लोक तिथेच बसून प्यायला लागले. पानगळीत पिंपं रिकामी करायची आणि नव्या हंगामाला सुरुवात करायची. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांनी शीतयंत्र बनवलं आणि तळघरांची गरज सरली, हंगामाची गोडी मात्र तशीच राहिली. मला हे ऐकताना आपल्याकडचं नवान्न आठवलं. पिकाच्या आणि थंडीच्या तालावर चालणारं असं काही इथेही आहे, हे कळल्यावर हा देश मला परका वाटेनासा झाला.

बांबेर्ग शहरातली ती संध्याकाळ तर मी कधीच विसरणार नाही. ऑक्टोबरापासून तिथे बॉक या जास्त कडक बिअरची पिंपं फोडली जातात, प्रत्येक ब्रुअरीचा दिवस ठरलेला. श्लेंकेर्ला ब्रुअरीचा ऊरबॉक बीचच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या माल्टचा, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीचा, साडेसहा टक्क्यांचा. पहिला घोट घेतला आणि मला गावच्या चुलीजवळ बसल्यासारखं वाटलं. दिवसभर ज्या झाडाखालून चाललो, त्याच जातीच्या झाडाचा धूर ग्लासात! तुमचा नियम कडक: बॉक एकच, तोही चालणं संपल्यावर, पोटात काहीतरी घालून, आणि परत गाडीने नाही, रेल्वेने. आपल्यातली एक मैत्रीण बिअर पीत नाही, तिच्यासाठी तुम्ही न विचारता आपफेलशोर्ले, म्हणजे सोडा घातलेला सफरचंदाचा रस, मागवलंत आणि तिचा मग आपल्या मगांशी किणकिणवलात. तिने मला नंतर सांगितलं, या देशात कुठल्याही टेबलावर तिला पहिल्यांदाच अवघडल्यासारखं झालं नाही.

टेबलांचंही तुम्हीच शिकवलंत. ब्रुअरीच्या खोलीत रिकामं टेबल शोधत फिरायचं नाही, जिथे दोन जागा दिसतील तिथे "इस्ट हिअर नोख फ्राय?", म्हणजे इथे जागा आहे का, असं विचारून बसायचं. त्या एका प्रश्नाने मला किती माणसं दिली! एक निवृत्त सुतार भेटले, त्यांनी मला कार्प मासा कधी खायचा ते सांगितलं: सप्टेंबर ते एप्रिल, महिन्याच्या नावात 'आर' असेल तेव्हाच. एक आजी भेटल्या, त्यांनी माझ्या हातात घरचे अक्रोड कोंबले. माझं जर्मन वर्गात सुधारलं नाही तेवढं त्या बाकांवर सुधारलं.

कोजागरीला तुम्ही वालबेर्लावर नेलंत. पाचशे मीटरचं ते सपाट माथ्याचं टेकाड, वर संत वालबुर्गाचं छोटं चॅपेल, खाली फोर्खहाइमचे दिवे. तुम्ही थर्मासमधून केशर-वेलचीचं दूध काढलंत, चंद्र दाखवलात, आणि शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी जोडप्यालाही एकेक कप दिलात. त्यांनी पिशवीतून सफरचंदं काढून दिली. मावशी, त्या रात्री मी घरी फोन केला आणि आईला म्हटलं, काळजी करू नकोस, मी इथे नीट आहे. आई अजून तुमची आठवण काढते.

यंदा तुमचा गुडघा त्रास देतोय, १४ किलोमीटर जमणार नाहीत, असं तुम्ही म्हणालात आणि "तुम्ही मुलं जा" म्हणून मोकळ्या झालात. आम्ही तसे जाणार नाही. बाकीचे आउफसेसहून चालत येतील, आणि मी तुम्हाला गाडीने थेट हेकेनहोफला नेईन. वाटेतल्या रानात गाडी थांबवू, काठी घेऊन जमेल तेवढं चालू. चाक माझ्या हातात असल्याने मी त्या दिवशी आपफेलशोर्लेवर. तुमच्या मगाची रेघ चकतीवर पडेल आणि पैसे मी देईन, त्यावर वाद घालायचा नाही. ऑक्टोबरातला दुसरा शनिवार चालेल का, तेवढं कळवा, म्हणजे बाकीच्यांना सांगते.

तुमची,
एर्लांगेनची भाची