सूचना : जुन्या कॅमेऱ्यांचे दुकान विकणाऱ्या सभासदांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील सभासदांनी गिऱ्हाईक बोलावण्याआधी मालाची यादी सिरीयल नंबरसह करावी. प्रत्येक डिजिटल बॉडीचा (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याचा) शटर काउंट, म्हणजे आजवर किती वेळा फोटो काढला तो आकडा, लिहा. लेन्सचे अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारे छिद्र) पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा; खानापूरकडच्या पावसाळी दमटपणात आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते आणि सौदा तिथेच फिसकटतो. अशा लेन्स वेगळ्या ठेवून भावही वेगळा सांगा.

लोकांनी विक्रीसाठी ठेवलेला माल यादीत अजिबात धरू नका, तो तुमचा नाही!

खरेदीवर इनपुट क्रेडिट (खरेदीत भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतले नसेल, तर जुन्या मालावर जीएसटी फक्त खरेदी-विक्रीच्या फरकावर (सीजीएसटी नियम ३२(५)), म्हणून खरेदीच्या पावत्या जपा. चालू धंदा सोपवताना शिल्लक क्रेडिट आयटीसी-०२ या फॉर्मने नव्या मालकाकडे वळवा, त्याला सीएचा दाखला लागतो. नोंदणी रद्द झाल्यावर ३ महिन्यांत जीएसटीआर-१० (शेवटचे विवरणपत्र) भरा.